बाहुलीच्या झबल्याचा जुना पॅटर्न

अमेरिकेत १९५० च्या दशकात बाहुलीच्या कपड्यांचे पॅटर्न पाकिटांतून विकले जात. पाकिटावर झबली, टोपडी, दुपटी यांची चित्रं असत आणि हे कपडे कोणत्या बाहुलीला बसतील तेही छापलेलं असे: टायनी टिअर्स, बेट्सी वेट्सी, डाय-डी. नावांच्या जोडीला इंचांतली उंची. आज ही पाकिटं जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतात, त्यांच्या प्रतीही मिळतात, आणि जुन्या तान्ह्या बाहुल्या जमवणारी, दुरुस्त करणारी माणसं त्यांवरून कपडे शिवतात. अशा वेळी उंचीचा आकडा पाहून नाव सोडून देण्याचा मोह होतो. बाहुली सोळा इंची, पॅटर्न सोळा इंची, मग आणखी काय पाहायचं? पुढे गळा डोक्यातून जात नाही, बाही कोपरावर अडते, बाहुली बसवली की चड्डी मागे ताणते, आणि दोष जुन्या पॅटर्नच्या माथी येतो. माझ्या मते तो दोष वाचण्याचा असतो. जुना पॅटर्न म्हणजे एका विशिष्ट शरीरासाठी, विशिष्ट कापडासाठी आणि विशिष्ट हातांसाठी काढलेला तोडगा. त्यातल्या प्रत्येक रेषेला या तिन्हींपैकी कशाचं तरी कारण आहे. म्हणून तो आधी जसाच्या तसा शिवून पाहावा, रेषा तिथेच का आहे ते समजून घ्यावं आणि मगच तिला हात लावावा.

शरीरापासून सुरुवात करू. तान्ह्या बाळाच्या अंगाची बाहुली फार जुनी नाही. पूर्वीच्या बहुतेक बाहुल्या सरळ हातापायांच्या असत. बाळ दाखवायचं असलं की अंगावर लांब झबलं आणि डोक्यावर टोपडं चढवलं जाई. जर्मनीतल्या केमर आणि राइनहार्ट या कंपनीने १९०९ साली वाकलेल्या हातापायांची बाळ-बाहुली बाजारात आणली आणि हा आकार रूढ झाला. गुडघे मुडपलेले, हात कोपरात वळलेले, पोट पुढे. अमेरिकेत ग्रेस स्टोरी पटनम या शिल्पकार बाईंनी तीन दिवसांच्या अर्भकावरून घडवलेली बाय-लो बेबी १९२० च्या दशकात इतकी खपली, की तिला दहा लाख डॉलरचं बाळ असं टोपणनाव पडलं. तिचं डोकं बिस्क या बिनचकाकीच्या चिनी मातीचं आणि धड कापडी. संग्राहक या बाहुलीचं माप पुष्कळदा डोक्याच्या घेरावरून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळपास पाव भाग असतं. मोठ्या माणसात ते सातव्या-आठव्या हिश्शाएवढंच उरतं. जन्मतः डोक्याचा घेर छातीच्या घेराहून थोडा जास्तच भरतो, साधारण ३४-३५ सेंटिमीटरला ३३. म्हणजे छातीला नेटका बसणारा कपडा डोक्यातून ओढून घालायचा विचारच इथे टिकत नाही. खऱ्या बाळाची मान निदान हलते, हात दुमडतात. बाहुलीचं बिस्कचं डोकं तसूभरही दबत नाही आणि तिची पसरलेली बोटं प्रत्येक बाहीच्या अस्तरात अडकतात. म्हणून जुन्या पॅटर्नांत पाठ वरपासून खालपर्यंत उघडी आढळते. आपल्याकडच्या झबल्याचे बंद मागे असतात, त्यामागेही हीच अडचण आहे. ज्यांनी बाळासाठी झबली शिवली आहेत, त्यांना हा मागून उघडणारा, बाही अंगातच कापलेला आकार ओळखीचा वाटेल.

आता सारख्या उंचीच्या दोन बाहुल्या शेजारी ठेवल्या तर काय दिसतं? सरळ पायांच्या मुलीसारख्या बाहुलीची उंची टाचेपर्यंत मोजली जाते आणि त्यातला मोठा भाग पायांचा असतो. बाळ-बाहुलीचे पाय आखूड आणि वाकलेले, त्यामुळे तेवढ्याच उंचीत धड आणि डोकं जास्त जागा घेतात. छाती रुंद, कंबर जवळजवळ नाहीच, बैठक मोठी. पोट पुढे आल्याने झबल्याचा समोरचा घेर वर उचलला जातो. तो दिसू नये म्हणून समोरच्या योकखाली जास्त चुण्या भराव्या लागतात किंवा समोरचा तुकडा थोडा लांब कापावा लागतो. चड्डीच्या बाबतीत तर फरक आणखी ठसठशीत. वाकलेल्या पायांच्या बाहुलीला मागची उंची भरपूर हवी, नाहीतर बसवताच शिवण ताणून सुटते. पाकिटावरचं नाव हे सगळं एका शब्दात सांगत होतं. डाय-डी म्हटलं की घेर, बैठक, डोकं, हातांची ठेवण सगळं ठरलेलं. नुसते इंच म्हटलं की यातलं काहीच कळत नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा फ्रान्समध्ये सापडतो. ती बाहुली तान्ही नाही, मुलीची आहे, पण मुद्दा तोच. ‘ला सेमेन द सुझेत’ हे मुलींसाठीचं साप्ताहिक १९०५ मध्ये निघालं आणि त्याच्या वर्गणीदार मुलींसाठी ब्लुएत नावाची बाहुली काढण्यात आली. उंची २७ सेंटिमीटर. साप्ताहिकात तिच्या कपड्यांचे पॅटर्न पुढे अर्धशतकाहून अधिक काळ येत राहिले. बाहुली सगळ्या घरांत एकाच मापाची, म्हणून छापलेला कागद थेट कापडावर ठेवता येई. १९२८ मध्ये तिला बाम्बिनो नावाचा तान्हा भाऊ मिळाला आणि त्याच्यासाठी वेगळे पॅटर्न लागले. बहिणीचे कपडे लहान करून भागलं नाही, कारण बाळाचं अंग म्हणजे मुलीच्या अंगाची छोटी प्रत नव्हे. पुढे १९३३ पासून ब्लुएत २९ सेंटिमीटरची झाली. दोनच सेंटिमीटर वाढ, जेमतेम साडेसात टक्के. एवढ्यानेही जुना नेटका कपडा नव्या बाहुलीला आखूड आणि तंग होऊ लागतो. म्हणून आज ब्लुएतसाठी शिवणाऱ्याला पॅटर्न कोणत्या वर्षीचा आहे हे आधी पाहावं लागतं. नाव तेच, बाहुली वेगळी.

दुसरी गोष्ट कापडाची, आणि माझ्या दृष्टीने ती सगळ्यांत महत्त्वाची. माप लहान करता येतं, पण धाग्याची जाडी लहान होत नाही. सुईचं भोक, टाक्याची लांबी, दुमडलेल्या कडेचा फुगीरपणा हे सगळं माणसाच्याच मापाचं राहतं. साधा हिशेब करू. मागे उघडणाऱ्या झबल्यात दोन बाजूच्या शिवणी आणि पाठीचा जोड धरला, तर छातीच्या घेरात कापडाच्या सहा कडा येतात. प्रत्येक कडेला शिवताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर एकूण फरक बारा मिलिमीटर. ९० सेंटिमीटर छातीच्या माणसाच्या कपड्यात हा फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे अंगावर कळतही नाही. २५ सेंटिमीटर छातीच्या बाहुलीत तोच फरक जवळजवळ पाच टक्के होतो आणि टिचबटण लागत नाही. म्हणून बाहुलीच्या पॅटर्नमधली माया बहुधा पाव इंचाची असते, मोठ्यांच्या कपड्यांतल्यासारखी पाच अष्टमांश इंचाची नसते. आणि शिवून झाल्यावर तीही कातरून निम्मी करावी लागते. फ्रेंच आणि जर्मन मासिकांतल्या पॅटर्नांत तर माया बऱ्याचदा धरलेलीच नसते, ती आपण सोडायची असते. हे न पाहता कापलं की कपडा सगळीकडून एक घर लहान होतो.

हा हिशेब एकदा मनात बसला की जुन्या पॅटर्नमधल्या कितीतरी गोष्टी उलगडतात. गळ्याला आतून दुहेरी कापड लावण्याऐवजी तिरक्या पट्टीचा बारीक गोट का लावायला सांगतात? दुहेरी कापडाने बाहुलीची नसलेली मान आणखी गडप होते म्हणून. बाही आधी उघड्या मुंढ्याला जोडा आणि मग मनगटापासून बगलेतून घेरापर्यंत एकच शिवण मारा, असा क्रम का? कारण आधी गोल शिवलेली दोन बोटं रुंदीची बाही मुंढ्यात बसवायला मशीनच्या पायाखाली जागाच नसते. चिमट्यांऐवजी चुण्या का? चिमट्याचं टोक पातळ कापडावर गाठीसारखं उठतं. चुण्या मात्र एकदोन मिलिमीटरची चूक मुकाट्याने पोटात घेतात. घेराचं पडणंही असंच. मोठ्या झग्याला त्याचं स्वतःचं वजन खाली ओढतं. बाहुलीच्या झग्यात तेवढं वजनच नाही, त्यामुळे तेच कापड तेवढ्याच चुण्यांनी लावलं तर घेर छत्रीसारखा उघडून उभा राहतो. उपाय दोन: कापड बारीक घ्या किंवा चुण्या कमी करा. जुने पॅटर्न बहुधा पहिला मार्ग धरतात आणि लॉन, बॅटिस्ट, नैनसूक अशी कापडं सांगतात. नैनसूक हे तर मूळचं आपल्याकडचंच सुती कापड, युरोप-अमेरिकेत बाळांच्या कपड्यांसाठी खूप वापरलं गेलेलं. ते आज त्या नावाने सहज मिळालं नाही तरी चांगली मलमल, बारीक वायल किंवा मऊ केंब्रिक तेच काम करतं. आजच्या जाडसर छापील सुती कापडावर पॅटर्न वाया घालवू नये. चौकड्या घ्यायच्या तर अगदी बारीक. सुई नऊ किंवा अकरा नंबरची, टाका दीड-दोन मिलिमीटरचा, आणि मशीन कापड खाली ओढत असेल तर त्याखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवावं. नंतर कागद फाडून काढता येतो.

तिसरी गोष्ट हातांची. हे कपडे मुलांच्या हातांनी घालण्या-काढण्यासाठी होते, आणि पुष्कळदा मुलींच्याच हातांनी शिवण्यासाठीही. अमेरिकेत १९१३ मध्ये जेन आयर फ्रायर यांचं ‘द मेरी फ्रान्सिस सोइंग बुक’ निघालं. त्यात गोष्टीच्या ओघात बाहुलीचे कपडे शिवायला शिकवलं आहे आणि सोबत पॅटर्नही आहेत. असे पॅटर्न सोप्यापासून अवघडाकडे जातात: आधी सरळ कडांचं दुपटं, मग टोपडं, मग झबलं. मुलीच्या हातांना झेपेल असा प्रत्येक निर्णय त्यात दिसतो. खेळाचाही ठसा तसाच उमटतो. एफनबी कंपनीची डाय-डी १९३४ मध्ये आली ती बाटलीने पाणी पिऊन लंगोट ओला करणारी, आंघोळ घालता येणारी बाहुली म्हणून. मग तिच्या कपड्यांत लंगोट, अंघोळीनंतरचा झगा, रात्रीचं झबलं असणारच, आणि दिवसातून दहादा बदलता येईल अशीच त्यांची बटणं. अमेरिकन कॅरेक्टर कंपनीची टायनी टिअर्स १९५० ची. ती अश्रूही ढाळायची. तिच्याही कपड्यांचं पहिलं काम ओले होणं आणि बदलले जाणं हेच. एवढं लक्षात घेतलं की त्या पॅटर्नमधला कपडा साधा का, त्याला झालरी कमी का, हे कोड्यासारखं वाटत नाही.

यावर एक आक्षेप सहज येतो आणि तो वजनदार आहे. समोर बाहुली आहे, टेप आहे. माप घेऊन नवीन पॅटर्न काढायला कितीसा वेळ लागतो? जुन्या कागदाची मिनतवारी कशाला? बाहुलीला बसणारा कपडा एवढाच हेतू असेल तर हे खरं आहे. पण माप फक्त शरीर सांगतं, त्या काळचा कपडा सांगत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत तान्ह्या बाळाला पायांच्या पलीकडे बरीच लोंबणारी लांब झबली घालत आणि काही महिन्यांनी आखूड कपड्यांवर आणत. बाय-लोसारख्या नवजात बाहुलीचं झबलंही त्यामुळे पायांच्या खूप खाली जातं. टेपने मोजून कपडा काढणारा घेर पायापाशी थांबवेल. मापात त्याची काहीच चूक नसेल, तरी ते बाळ १९२५ चं दिसणार नाही. योक कुठे संपावा, बाही किती सैल असावी, टोपड्याची कड चेहऱ्यापासून किती मागे असावी, हेही टेप सांगत नाही. ते फक्त कागदावर उरलं आहे.

दुसरा आक्षेप असा, की जुने पॅटर्न बसतच नाहीत. यात तथ्य आहे. वर्तमानपत्रांतून डाकेने मागवायचे पॅटर्न चार-पाच प्रकारच्या बाहुल्यांना चालावेत म्हणून ढोबळ मापाने काढलेले असत. शिवाय जुन्या पॅटर्नची भाषाही आपल्या सवयीची नसते. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये मापवार कागदी पॅटर्नचा धंदा सुरू केला. तेव्हापासून कित्येक दशकं पॅटर्नच्या पातळ कागदावर काहीही छापलेलं नसे. त्यात फक्त भोकं पाडलेली असत: कुठे घडीवर ठेवायचं, उभा धागा कोणता, चुण्या कुठून कुठपर्यंत, हे सगळं भोकांच्या आकारावरून आणि मांडणीवरून ओळखायचं. मॅक्कॉलने छापील रेषा १९२० च्या दशकात आणल्या; इतर कंपन्या नंतर वळल्या. भोकांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून सूचनांचा कागद हरवलेला असेल तर चुकायला पुष्कळ वाव असतो. पण ‘बसत नाही’ म्हणण्याआधी बाहुलीकडेही पाहायला हवं. ती सत्तर-ऐंशी वर्षांची आहे. कापडी धडातला भरणा खाली सरकतो आणि छाती बारीक होते. हातपाय धरणारं आतलं रबरी बंधन सैल पडून खांदे उतरतात. रबरी धड तर कडक होतं, आकसतं. अशा वेळी कपडा सैल झाला तर कदाचित पॅटर्नलाच मूळ शरीर जास्त नीट आठवत असतं. म्हणून आधी स्वस्त पातळ कापडावर कच्च्या टाक्यांनी शिवून बघावं, आणि सैलपणा सगळीकडे आहे की एकाच जागी, ते तपासावं. सगळीकडे असेल तर पॅटर्न वेगळ्या बाहुलीचा आहे. एकाच जागी असेल तर बाहुलीची तब्येत आधी बघावी लागेल.

झेरॉक्स यंत्रावर पॅटर्न मोठा-लहान करण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण हा उपाय सर्रास सुचवला जातो. बारा इंचीचा पॅटर्न अठरा इंचीसाठी दीडपट केला तर पाव इंचाची मायाही दीडपट होते, म्हणून आधी माया कापून टाकायची, मग प्रत काढायची आणि नव्याने माया सोडायची. एवढं करूनही डोकं, गळा आणि मनगट पुन्हा मोजावंच लागतं, कारण दुसऱ्या बाहुलीचं डोकं दीडपट असेलच असं नाही. एकाच कंपनीच्या एकाच बाहुलीच्या दोन मापांत ही युक्ती चालते. दोन निराळ्या बाहुल्यांत क्वचितच.

तिसरा प्रश्न सोयीचा. इलॅस्टिक, होजिअरीचं कापड, एकमेकांना चिकटणाऱ्या व्हेल्क्रोच्या पट्ट्या मिळत असताना टिचबटणं आणि काजं का करायची? मूल खेळणार असेल तर व्हेल्क्रो जरूर लावावं. ज्या बाहुलीशी खेळायचं आहे तिचे कपडे सोपेच हवेत. पण जुन्या बाहुलीच्या बाबतीत व्हेल्क्रोची खरखरीत बाजू बारीक कापड, केस आणि रंगवलेली कातडी ओरबाडते, आणि घट्ट इलॅस्टिक व्हिनाइलच्या मांडीवर कायमचा वळ उठवू शकतं. धोके आणखीही आहेत. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि गडद कापडाचा रंग शोषून घेतात. लाल झबल्याचा डाग मग निघत नाही. लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्यातून घडवलेल्या बाहुल्या ओलाव्याने फुगतात आणि त्यांच्यावरचा रंग तडकतो. त्यांना खळ लावलेला, पुरता न वाळलेला कपडा घालणं म्हणजे नुकसानच. सेल्युलॉइडमधून काळ लोटला की आम्ल वाफा निघतात आणि कापड जीर्ण होतं, शिवाय ते झटकन पेट घेतं. लोखंडी टिचबटणं गंजतात. यातल्या बऱ्याच अडचणींवरचं उत्तर जुन्या संचातच असतं. वरच्या झग्याखाली पांढरी कमीज, त्यावर परकर, मग झगा असे थर असत. रंग नसलेलं, धुऊन स्वच्छ केलेलं सुती कापड अंगाला लागून असलं की वरचा रंग आत पोचत नाही. संचातले आतले कपडे दिसत नाहीत म्हणून ते शिवायचं टाळतात, आणि तिथेच खरं संरक्षण गमावतात.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. जुन्या बाहुलीला नवे कपडे घातले की खोटा जुनेपणा तयार होत नाही का? होऊ शकतो, आणि तो हेतुपुरस्सर केला जातो तेव्हा फसवणूकच होते. मळकट दिसावं म्हणून नवं कापड चहात भिजवणं तर दुहेरी वाईट: पुढचा ग्राहक फसतो आणि चहातली द्रव्यं कापडाला हळूहळू कमजोर करतात. मूळ कपडा फाटका असला तरी टाकू नये, त्यातली लेस काढून नव्याला लावू नये; आम्लरहित कागदात गुंडाळून बाहुलीसोबतच ठेवावा. जुन्या पॅटर्नचा कागदही कापू नये. कमी आचेच्या कोरड्या इस्त्रीने तो सपाट करावा, दुसऱ्या पातळ कागदावर उतरवून घ्यावा, आणि सगळे बदल त्या प्रतीवर लाल रेषेने करावेत, म्हणजे छापलेलं कोणतं आणि आपलं कोणतं हे वेगळं राहतं. नव्या झबल्याच्या आतल्या शिवणीत पांढऱ्या फितीचा छोटा तुकडा अडकवावा आणि त्यावर न पसरणाऱ्या शाईने पॅटर्नचा क्रमांक, शिवल्याचं वर्ष आणि बदललेल्या जागा लिहाव्यात: गळा तीन मिलिमीटर वाढवला, माया कातरली, टिचबटणं पितळी.